भरती येईल, उचलेल

होडी हेच आमचं घर होतं, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. वसईच्या एव्हरशाईन सिटीतला फ्लॅट आम्ही विकला होता. बँकेतून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मला एक्कावन्नावं लागलं होतं, नवरा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मूल नाही. दोघांनी जन्मभर जे काही जमवलं ते एकतीस फुटांच्या एका जुन्या शिडाच्या होडीत घातलं आणि ठरवलं की हातपाय धड आहेत तोवर बेटं हिंडायची. आधी लक्षद्वीप, मग जमलंच तर अंदमान. लोक निवृत्त झाले की अष्टविनायक करतात, आम्ही हे करणार होतो.

भुईगावला, नवऱ्याच्या घरी, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. ती वाडीवाली माणसं. केळी, पानवेली, सोनचाफा. समुद्र घरापासून हाकेवर, पण यांची पाठ कायम त्याच्याकडे. धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, भाऊजी तर पहिल्यापासून वेडे. तुम्ही बँकेत होतात ना? तुम्ही कशा वेड्या झालात?"

मी म्हटलं, "मी बँकेत नंतर गेले. आधी मी पाचूबंदरची आहे."

कोळ्याची मुलगी. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. त्याचा मला अभिमान होता आणि आहे, लपवत नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा होता. भरती-सुकती मला तोंडपाठ होती. बाने लहानपणी शिकवलेलं. "तिथीची पाऊणपट कर, बाय." तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितके वाजता पाणी पूर्ण भरतं. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शाळेत मला पाऊणकी घडाघडा यायची याचं बाईंना नवल वाटायचं. आमच्याकडे ती जेवायच्या आधी यायची.

बाने दुसरीही एक गोष्ट शिकवली होती, न शिकवता. बसलेल्या होडीला हात लावायचा नाही. सुकतीला पाचूबंदरच्या होड्या चिखलात बसतात. रोज बसतात. चिखल लोण्यासारखा, होडी त्यात आवाजही न करता टेकते. कोणी धावपळ करत नाही. ओढाओढ करणाऱ्याला लोक हसतात, कारण ओढली की फळ्या निखळतात. माणसं होडीवरच स्टोव्ह पेटवतात, जाळं शिवतात, आडवी होतात. सहा तासांनी उधाणाचं दोन-दोन पुरुष पाणी येतं आणि होडी आपसूक उठते. "भरती येईल, उचलेल," असं आमच्याकडे नुसतं होडीबद्दल म्हणत नाहीत. तापात पडलेल्या माणसाबद्दल म्हणतात, अडलेल्या लग्नाबद्दल म्हणतात. माझी बढती दोनदा हुकली तेव्हा बा मला हेच म्हणाला होता.

नवऱ्याला यातलं काही येत नव्हतं. तो गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. शीड धरायला शिकला तो मुंबईच्या एका क्लबात, चार वर्षं रविवार घालवून, पुस्तकं वाचून. इंजिनाचा कान त्याला पक्का. समुद्राचा आपला माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. निदान मी तशी केली होती.

निघालो ते मालवण, गोवा, कोची असे किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरलो. कोचीला परवान्यांसाठी तीन आठवडे खोळंबलो, मग बेटांकडे वळलो. पहिल्या दोन बेटांवरचे दिवस मी खोटे पाडणार नाही. सुख होतं. सकाळी उठून बघावं तर नांगर तळाला पडलेला दिसायचा, त्याच्याभोवती पिवळे मासे. जन्म समुद्राकाठी काढला, पण मी समुद्राचा तळ कधी बघितला नव्हता. आमच्याकडचं पाणी चहाच्या रंगाचं. मी नवऱ्याला म्हटलंही, "एवढं स्वच्छ पाणी बघून भीती वाटते रे. सगळंच दिसतं." तो म्हणाला, "दिसलं तर बरंच ना?"

तिसऱ्या बेटापाशी आम्ही दोन रात्री जागून पोचलो. सकाळचे सात वाजत होते. ही बेटं म्हणजे मध्ये माडांची पट्टी आणि तिच्या पश्चिमेला उथळ पाणी, त्याला बाहेरून प्रवाळाचा बांध. त्या बांधात एक अरुंद खिंड असते, तिच्यातूनच आत शिरायचं. पश्चिमेकडून शिरायचं म्हणजे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत.

"दुपारपर्यंत बाहेरच थांबू," नवरा म्हणाला. "ऊन पाठीमागे गेलं की तळ दिसेल."

"आज एकादशी," मी म्हटलं. "सव्वाआठला पाणी भरतंय. आत्ता शिरलो तर भरपूर पाण्यावरून जाऊ."

त्याने भरतीच्या वेळांचं पुस्तक काढलं. "यात सव्वासहा लिहिलंय. म्हणजे उतरायला लागलं असेल."

"पुस्तक! माझ्या बाने कधी पुस्तक बघून होडी घातली का?"

"ते वसईत गं."

"का, चंद्र वेगळा आहे का इथला?"

तो हसला. दमला होता, डोळे लाल झाले होते. "नाही मॅडम, चंद्र एकच," म्हणाला आणि इंजिन सुरू केलं.

मी बीएस्सीला हे शिकले होते. एकाच चंद्राची भरती प्रत्येक किनाऱ्याला वेगळ्या वेळी आणि वेगळ्या मापाने पोचते, आमच्या खाडीत ती फुगते आणि भर समुद्रातल्या बेटाला जेमतेम शिवते. परीक्षेत मी त्याची आकृतीसुद्धा काढली असेल. त्या सकाळी ते मला आठवलं नाही. आठवली ती पाऊणकी.

तो सुकाणूवर, मी पुढच्या टोकाला उभी. पुढे पाणी म्हणजे नुसता तापलेला पत्रा. मी हाताने डावीकडे खूण केली, कारण डावीकडे मला रंग गडद वाटला. मग आवाज झाला. शहाळ्यावर कोयता बसावा तसा. होडी थांबली, मी थांबले नाही, लोखंडी कठड्यावर आदळले.

नवऱ्याने इंजिन उलटं फिरवलं. मागे पांढरं पाणी उसळलं, होडी जागची हलेना. त्याने शिडाचा आडवा दांडा बाहेर काढला, त्यावर लोंबकळला, की होडी कलेल आणि सुटेल. नाही.

दहा-पंधरा मिनिटांत एक छोटी होडी आली. तिच्यात एकच माणूस. लुंगी, डोक्याला रुमाल, वय बाच्या जवळपास. त्याने एकदा आमच्या होडीकडे बघितलं, एकदा बांधावरून वाहणाऱ्या पाण्याकडे, आणि जाड दोराचं वेटोळं वर फेकलं. डोलकाठीकडे बोट दाखवलं. वर बांधा, मी बाजूने ओढतो, होडी आडवी झाली की सुटेल, असं हातांनी सांगत होता. "अभी, अभी," म्हणाला. "पानी जाता."

नवरा दोर घेऊन डोलकाठीकडे निघालाही. सव्वाआठ वाजायचे होते, तरी पाणी उतरतंय हे आता मलाही दिसत होतं. मी त्याच्या हातातून तो घेतला.

"डोलकाठी मोडेल. सुकतीला बसलेली होडी ओढतात का कुठे?"

"अगं, तो इथलाच आहे."

"होडी होडीच असते," मी म्हटलं, आणि त्या माणसाला ओरडून सांगितलं, "नहीं चाहिए. शामको पानी आएगा, अपने आप उठेगी."

त्याने माझ्याकडे बघून अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. एक वीत. "इतना आएगा," म्हणाला. "बस, इतना."

मला वाटलं, हा काम मिळवायला बघतोय. दोर मी परत त्याच्या होडीत टाकला. तो बराच वेळ तिथेच घुटमळत राहिला. मग गेला.

मी चहा केला. हे लिहिताना हात अडतो, पण केला. होडी एका अंगाला कलत चालली होती, भांडं धरून उभं राहावं लागत होतं, तरी मी आलं ठेचून घातलं. नवरा कप हातात घेऊन बसला आणि प्यायला नाही.

"रेडिओवर सांगू का कोणाला?" त्याने विचारलं.

"कशाला? हसतील लोक. संध्याकाळपर्यंत बसायचं, बस."

आमच्या होडीच्या पोटाखाली माशाच्या परासारखा एक जड लोखंडी पंख होता. घरी, नायगावच्या खाडीत, सुकतीला हा पंख अख्खा चिखलात रुतायचा आणि चिखल होडीला मांडीवर घेतल्यासारखा धरून ठेवायचा. इथे चिखल नव्हता. पंख दगडावर टेकला होता आणि सगळी होडी त्या एका पंखावर तोलली होती. पाणी उतरत गेलं तशी ती आडवी झाली आणि तिची कूस प्रवाळावर टेकली.

दहाच्या सुमाराला वारा सुटला. वाऱ्याबरोबर बाहेरून लाटा आल्या, मोठ्या नव्हेत, गुडघाभर. प्रत्येक लाट होडीला वीतभर उचलायची आणि खाली टाकायची. पहिला दणका बसला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्याला नवरा उठला. विसाव्या-पंचविसाव्या दणक्यानंतर आतून वेगळा आवाज आला, बारीक, दातावर दात घासल्यासारखा. नवरा फळी उचलून खाली वाकला आणि म्हणाला, "पाणी आहे."

त्याने पंप धरला, मी बादली. अकराला पाणी घोट्यापर्यंत होतं. बाराला आम्ही ते घोट्यापर्यंतच ठेवलं होतं आणि मला वाटलं, जमतंय, संध्याकाळपर्यंत असंच रेटलं तर जमेल. मी मनाशी म्हणत होते, भरती येईल, उचलेल. प्रत्येक बादलीला म्हणत होते. दणका बसला की माझे दात आपटायचे आणि वाक्य मध्ये तुटायचं, मग मी ते पुन्हा सुरू करायची.

साडेबाराला मीच रेडिओ घेतला. पहिल्यांदा नीट बोलले, होडी कुठे बसलीय, किती माणसं आहोत. उत्तर आलं की सगळ्या होड्या ट्यूना मासे धरायला गेल्यात, तीनपर्यंत येतील. मग मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. नवऱ्याने माझ्या हातातून रेडिओ काढून घेतला, तोवर मी रडत मराठीत बोलत होते म्हणे.

पाणी चढायला लागलं तेव्हा मी एका बांबूवर चाकूने खाच पाडली आणि तो बाजूला प्रवाळाच्या भेगेत उभा रोवला. दर थोड्या वेळाने जाऊन बघायची. एकला दोन बोटं. दोनला चार बोटं. मी आत ओरडून सांगायची, "चढतंय रे, चढतंय!" आणि तो पंप मारत हं म्हणायचा. त्याच्या तळव्यांची सालं गेली होती. मी एकवीरेला हात जोडले. तिच्याकडे पाणी मागितलं. भर समुद्रात पाणी.

तीनला दोन होड्या आल्या, पाच-सहा माणसं. त्यांच्यात सकाळचा म्हातारा होता. तो माझ्याकडे न बघता दोर मोकळा करायला लागला. मला दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. त्यांनी दोर डोलकाठीला बांधला, दुसरा मागे बांधला, आणि ओढायला लागले. होडी कण्हली. सुकाणू तुटून वर आलं आणि तरंगत निघून गेलं. मी बांबूकडे बघत होते. पाचला पाणी खाचेच्या वर माझ्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आलं. साडेपाचला तिथेच होतं. सहालाही तिथेच. मी बांबू हलवून बघितला, खाच चुकीची पडली का ते बघितलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी त्या बांबूला वीत लावत होते, परत परत लावत होते, आणि वरून नवरा ओरडत होता, "अगं ये वर, पाय कापतील."

शेवटच्या ओढीला होडी फिरली. क्षणभर वाटलं सुटली. मग दुसऱ्या कुशीवर पडली, आणि आम्हाला तिची पहिली कूस दिसली. तिथे भोक नव्हतं, तिथे होडीच नव्हती. पितळी डबे त्यातून बाहेर आले. माझं पांघरूण आलं. म्हाताऱ्याने आपला दोर स्वतः कोयत्याने कापला. आता खोल पाण्यात ओढली असती तर तिथेच तळाला गेली असती. तो नवऱ्याला म्हणाला, "छोड दो, भाई."

आम्हाला होडीतून उतरवताना माझ्या हातात रव्याचं पाकीट होतं. ते कधी उचललं कोण जाणे. कागदपत्रं नवऱ्याने घेतली होती, मी रवा घेतला होता. किनाऱ्यावर कोणीतरी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.

पुढचे चार दिवस आम्ही त्या म्हाताऱ्याच्याच घरी होतो. त्याच्या ओट्यावरून होडी दिसायची. तिसऱ्या दिवशी डोलकाठी गेली. चौथ्या दिवशी बघायला काही उरलं नाही.

आता आम्ही गोखिवऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहतो, खाली लेथचा कारखाना आहे. नवरा त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा कामाला लागला, जुन्याच लाईनीत, पण दुसऱ्याच्या हाताखाली. मी शिकवण्या घेते. जे गेलं ते गेलं असं म्हणण्याइतकी मी मोठी नाही. सकाळी उठले की आधी कानोसा घेते, दणका बसतोय का. मग खालचं मशीन सुरू होतं.

पण मला लिहायचं होतं ते वेगळं. परत आल्यावर लोकांनी विचारलं, होडी कशी गेली? मी तोंड उघडायच्या आधी नवरा म्हणाला, "सुकाणू माझ्या हातात होतं. माझं चुकलं." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी गप्प बसले, कारण लोक लगेच त्याच्याकडे वळले होते. दुसऱ्यांदा गप्प बसले कारण पहिल्यांदा बसले होते. भुईगावात जाऊबाई मला घट्ट धरून म्हणाली, "भाऊजींच्या हौसेपायी तुमचं घर गेलं हो वहिनी." मी मान खाली घातली. ती मान मी चार महिने वर केली नाही. लोकांना वाटलं, दुःखाने.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "तू असं का सांगतोस?"

"काय फरक पडतो? होडी तर नाही ना परत येत."

"मला फरक पडतो."

"मग तू सांग," तो म्हणाला. रागावून नाही. पाठ करून झोपला.

गेल्या महिन्यात आम्ही पाचूबंदरला गेलो. बा आता ब्याऐंशीचा आहे, समुद्रावर जात नाही, अंगणात बसून शेजाऱ्यांची जाळी शिवून देतो. तिघं-चौघं बसले होते. नवरा दिसताच सुरू झाले.

"या जावयबापू. केळी लावायची ती जमिनीत बरं, पान्यात नाय."

"अरे, त्यांना वाटलं समुद्राला बांध हाय तर आपली वाडीच हाय!"

नवरा हसला. खरोखर हसला, त्यांच्यात बसला, आणि जाळ्याचं एक टोक मांडीवर घेतलं. त्याच्या तळव्यांवर अजून पांढरे चट्टे आहेत. मला ते दिसले आणि मला बसवेना.

"बा," मी म्हटलं, "होडी मी बसवली. खूण मी केली. एक माणूस दोर घेऊन आला होता, तो दोर मी परत केला."

हसणं थांबलं. बाने सुई थांबवली. "कसला दोर?"

मी सगळं सांगितलं. एकादशी, सव्वाआठ, खिंड, म्हातारा. चहासुद्धा सांगितला. बा ऐकत होता, मध्ये मध्ये मान हलवत होता. मग विचारलं, "तिकडे पानी चढतं किती?"

"त्या दिवशी वीतभर चढलं."

"वीतभर?" शेजारचा हसला. "वीतभर पानी आमच्या मोरीत तुंबतं गो."

बा हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मी हादरले. त्याला माझं कौतुक वाटत होतं.

"नवऱ्यावर आलं की बायको आपल्या अंगावर घेते," तो सगळ्यांना म्हणाला. "हिची आय पन अशीच व्हती. माझी पोर पाऊनकीत चुकनार नाय."

"पाऊणकी नाही चुकले, बा. पाऊणकी बरोबर होती."

"मंग झालं तर." त्याने सुई पुन्हा जाळ्यात घातली. "पाऊनकी बरोबर, तर तू बरोबर. आनि बसलेल्या होडीला हात लावला नाय म्हनतेस, ते तर मीच शिकवलं. चूक कुठं हाय त्याच्यात?"

नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. इतका थकलेला दिसला तो. मी राहू दिलं नाही. बाच्या पुढ्यात जमिनीवर बसले, त्याच्या हातातलं जाळं धरून बाजूला केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, या वेळी सावकाश, पुस्तकात सव्वासहा लिहिलं होतं तिथपासून. माणसं एकेक करून उठून गेली. बा नातीला समजवावं तसा माझ्या डोक्यावर हात फिरवत होता आणि म्हणत होता, "असू दे बाय, असू दे." मी सांगतच होते.